प्रार्थना-कीटकाचे कूळ कोणते?

पावसाळा संपत आला म्हणजे ओसरीवरील दिव्याभोवती जे नाना प्रकारचे किडे जमतात, त्यांत एखादे दिवशी एक हिरवा, लांब मानेचा पाहुणा येऊन बसतो. इतर किडे उजेडावर झडपा घेत असताना हा मात्र भिंतीवर स्वस्थ असतो. पुढचे दोन पाय दुमडून त्याने छातीशी धरलेले असतात. आणि कोणी जवळ गेले की आपले त्रिकोणी डोके वळवून तो त्या माणसाकडे पाहतो. घरातील मुले त्याला नाकतोडा म्हणतात. वडील माणसे सांगतात की हा नाकतोडा नव्हे, हा निराळा आहे. परंतु निराळा म्हणजे कोण, हे सहसा कोणालाच सांगता येत नाही.

या कीटकाला शास्त्रीय मराठीत प्रार्थना-कीटक म्हणतात. जोडलेल्या हातांसारख्या त्या पायांनी जगभरच्या लोकांची कल्पना चाळवली आहे. ग्रीक भाषेत त्याला ‘मांतिस’ म्हणजे द्रष्टा, भविष्यवेत्ता म्हणत. दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्सचे शेतकरी त्याला देवाची प्रार्थना करणारा म्हणत असत. कीटकांच्या जीवनाचे थोर निरीक्षक फाब्र यांनी ते नाव नोंदवले, आणि हे हात प्रार्थनेचे नसून शिकारीचे आहेत हेही दाखवून दिले. गोव्याचे लोक ज्यांना प्रेमाने ‘गोंयचो सायब’ म्हणतात व ज्यांचे शव जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या बासिलिकेत आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्याविषयीही अशीच एक आख्यायिका युरोपातील एकोणिसाव्या शतकातील पुस्तकांत सापडते. पाय उंचावून संथपणे चाललेल्या प्रार्थना-कीटकाला पाहून संतांनी त्याला देवाचे स्तवन गाण्यास सांगितले आणि त्याने एक सुरेल स्तोत्र म्हटले, अशी ती कथा आहे. त्या बिचाऱ्याला गळा नाही, ही शंका भाविकाने काढू नये. पण त्याच्या पायांवरील काट्यांच्या दोन रांगा एकदा जवळून पाहिल्या म्हणजे ती प्रार्थना माशा-पाखरांना केवढी महाग पडते ते कळते.

मुलांनी त्याला नाकतोडा म्हटले म्हणून त्यांना हसण्याचे कारण नाही. प्राणिमात्रांना दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत ज्यांनी रूढ केली, त्या स्वीडनच्या लिनीअस यांनीही नेमके तेच केले होते. १७५८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्यांनी टोळ, नाकतोडे, रातकिडे आणि प्रार्थना-कीटक ही सारी मंडळी ‘ग्रिलस’ या एकाच नावाखाली बसवली. दक्षिण भारतात व श्रीलंकेत आढळणारा, सारंगीच्या दांडीसारख्या लांब मानेचा एक प्रार्थना-कीटक त्यांच्या पाहण्यात आला होता. त्याचाही समावेश त्यांनी या ‘ग्रिलस’मध्येच केला. पुढे १८१५ साली त्यांच्याच परंपरेतील थुनबेर्ग यांनी त्याच्यासाठी ‘गाँगिलस’ ही स्वतंत्र प्रजाती निर्माण केली, आणि आज हा कीटक ‘गाँगिलस गाँगिलोडिस’ या नावाने ओळखला जातो.

येथे दोन-चार शब्दांचा उलगडा केला पाहिजे. शास्त्रात ‘जाती’ हा सर्वांत खालचा घटक. परस्परांत ज्यांची वंशवृद्धी होते असे जीव म्हणजे एक जात. जवळच्या जाती मिळून एक ‘प्रजाती’, जवळच्या प्रजाती मिळून एक ‘कुल’ आणि अनेक कुले मिळून एक ‘गण’. प्रत्येक जीवाच्या नावातील पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. म्हणजे आपल्याकडील रीतीच्या उलट, आडनाव आधी आणि नाव मागून. नावापुढे ज्याने ते प्रथम दिले त्या संशोधकाचे नाव व साल लिहितात. आणि येथेच एक लहानसा पण फार बोलका संकेत आहे. पुढील काळात ती जात जर दुसऱ्या प्रजातीत हलवण्यात आली, तर मूळ संशोधकाचे नाव कंसात घालावयाचे. ‘गाँगिलस गाँगिलोडिस’ या नावापुढे लिनीअस यांचे नाव कंसात असते. तो कंस पाहिला की जाणकाराने ओळखावे, की या कीटकाचे एकदा घर बदललेले आहे.

ग्रिलसमधून निघून प्रार्थना-कीटक नाकतोड्यांपासून वेगळे झाले खरे, तरी विसाव्या शतकातही बराच काळ त्यांची गणना नाकतोड्यांच्याच ऋजुपंखी गणात होत असे. आज त्यांचा स्वतंत्र गण मानतात. आणि त्यांचे खरे जवळचे नातलग कोण ठरले? स्वयंपाकघरातील झुरळ आणि दाराच्या चौकटी पोखरणारी वाळवी! प्रथम ऐकणाऱ्याला हे अविश्वसनीय वाटते. पण प्रार्थना-कीटकाची मादी आपली अंडी फेसासारख्या द्रवात घालते, तो द्रव वाळून त्याची कठीण डबी बनते. आणि झुरळाची मादीही आपली अंडी लहानशा बटव्यासारख्या डबीत बंद करते. अशा खुणा पूर्वीच्या अभ्यासकांनी हेरल्या होत्या. जनुकांच्या तपासणीने त्यांवर शिक्कामोर्तब केले.

रूप आणि नाते यांतील ही फारकत समजण्यासाठी मराठी भाषेतच एक चांगले उदाहरण आहे. बेकरीतला ‘पाव’ आणि ‘पाव शेर’ यातला ‘पाव’ हे दोन शब्द कानाला एकच वाटतात. त्यांच्यात नाते मात्र काडीचेही नाही. पहिला पोर्तुगिजांच्या गलबतातून आला. दुसरा संस्कृत ‘पाद’ या शब्दापासून झिजत झिजत झाला. उलट ‘दोन’ हा शब्द आणि पाढ्यातील ‘बे एके बे’ मधला ‘बे’ यांत ऐकावयास काही साम्य नाही, पण दोघेही संस्कृत ‘द्वि’च्याच घरातले. झुरळ आणि प्रार्थना-कीटक हे ‘दोन’ आणि ‘बे’ यांच्यासारखे आहेत. ‘पाव’ आणि ‘पाव’ यांच्यासारखी जी मंडळी या गणात निघाली, त्यांची हकीगत अधिक मनोरंजक आहे.

ती सुरू होते स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहरात. तेथील आंरी द सोसूर हे एकोणिसाव्या शतकातील कीटकशास्त्राचे मोठे पंडित. प्रार्थना-कीटकांच्या कितीतरी प्रजातींना त्यांनी प्रथम नाव दिले. त्यांचे चिरंजीव फर्दिनां हे पुढे आधुनिक भाषाशास्त्राचे जनक म्हणून जगप्रसिद्ध झाले, आणि त्यांचा १८८१ चा डॉक्टरेटचा प्रबंध संस्कृतातील सत्‌षष्ठीच्या रचनेवर आहे, ही गोष्ट मराठी वाचकांस विशेष वाटावी. बापाने कीटकांची कुळे जुळवली, मुलाने शब्दांची.

१८६९ साली या थोरल्या सोसूर यांनी झाडांच्या सालीवर राहणाऱ्या प्रार्थना-कीटकांच्या दोन प्रजाती स्थापन केल्या. अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशातल्या प्रजातीला त्यांनी नाव दिले ‘लितुर्गुसा’. दुसरी सिलोनची, म्हणजे आजच्या श्रीलंकेची. जिनीव्हाचेच निसर्गसंशोधक हंबर्ट यांनी तेथे कीटक जमवले होते, त्यांच्या नावावरून तिचे नाव ‘हंबर्टिएला’. ही प्रजाती भारतातही आढळते.

सालीवरचा हा प्रार्थना-कीटक ओसरीवरच्या हिरव्या पाहुण्याहून फार वेगळा दिसतो. त्याचे शरीर वरून दाबल्यासारखे चपटे असते. रंग करडा, तपकिरी, मधून मधून दगडफुलाचे ठिपके पडावे तसे डाग. झाडाच्या खोडाला चिकटून बसला म्हणजे हातभर अंतरावरूनही तो दिसत नाही. मान आखूड, डोळे बाहेर आलेले, पाय लांब व बाजूंना पसरलेले. दक्षिण अमेरिकेतील लितुर्गुसा तर आणखी एका बाबतीत आपल्या गणाची रीत सोडून वागतो. प्रार्थना-कीटक म्हटला की तो दबा धरून बसावयाचा, भक्ष्य आपण होऊन हाताशी येईपर्यंत वाट पाहावयाची, हा सर्वसाधारण परिपाठ. लितुर्गुसा खोडावर धावत सुटतो आणि सावज पाठलाग करून पकडतो. माणूस जवळ आला की तो झटकन खोडाच्या पलीकडच्या बाजूस जातो. माणूस तिकडे गेला की हा इकडे. त्यांतील काही जाती तर खाली पाचोळ्यात पळून मेल्याचे सोंग घेतात.

अशा रूपाचे कीटक अमेरिकेत, आफ्रिकेत, मादागास्करात, दक्षिण आशियात आणि ऑस्ट्रेलियातही सापडत गेले. संग्रहालयातील टाचणीला टोचलेले हे वाळके नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे कोणालाही वाटावे की ही एकाच घराण्याची माणसे होत. इटलीचे जील्यो-तोस यांनी १९१९ साली लितुर्गुसाच्या नावाने त्यांचा एक समूह केला. व्हिएन्नाचे माक्स बायर यांनी १९६० नंतरच्या दशकात सर्व प्रार्थना-कीटकांची आठ कुले पाडली. २००२ साली जर्मनीचे एरमान यांच्या मोठ्या ग्रंथात ती पंधरा झाली. त्या पंधरांत लितुर्गुसा-कुल होते, आणि त्या कुलात अमेरिकेच्या लितुर्गुसाबरोबर आपला हंबर्टिएलाही सुखाने नांदत होता. पाच खंडांत पांगलेले एकच कुल! त्यालाही उत्तर देता येण्यासारखे होते. फार प्राचीन काळी दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत आणि ऑस्ट्रेलिया हे सारे भूभाग गोंडवनभूमीत एकत्र होते. ती भूमी दुभंगली तेव्हा हे घराणेही तुकड्यातुकड्यांनी वाहून गेले असेल, असे म्हणता आले असते.

तथापि या मांडणीत एक मूलभूत अडचण होती. सालीवर ज्याला राहावयाचे आहे, त्याला चपटे व्हावेच लागते. नाहीतर पक्षी त्याला टिपतात. त्याचा रंग सालीचाच हवा. आणि खोडाभोवती पळावयाचे तर लांब, पसरलेले पाय हवेत. म्हणजे ज्या खुणांवरून हे कुल बांधले, त्या साऱ्या खुणा रक्ताच्या नसून जागेच्या होत्या. वेगवेगळ्या खंडांत, वेगवेगळ्या घराण्यांतील कीटक सालीवर राहावयास गेले, तर लाखो वर्षांच्या निवडीने ते परस्परांसारखे दिसू लागणारच. कोळ्यांच्या वस्तीत राहणाऱ्या सर्वांची कातडी उन्हाने रापलेली असते, म्हणून काही ते सारे भाऊभाऊ ठरत नाहीत.

मग रक्ताची खूण शोधावी कोठे? एक जागा म्हणजे नराची प्रजननांगे. ती शरीराच्या टोकाशी झाकलेली असतात; पक्ष्याची नजर किंवा सालीचा रंग यांच्याशी त्यांचा संबंध नाही. त्यांची डावी आणि उजवी बाजू सारखी नसते, आणि त्यांतील कठीण पट्ट्यांचे आकार जातीजातीत निराळे असतात. नमुन्याचे टोक मऊ करून, कॉस्टिक पोटॅशच्या द्रावात त्यातील मांसल भाग विरघळवून, उरलेली रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते, आणि नंतर ग्लिसरीनच्या इवल्याशा कुपीत ती त्याच टाचणीला अडकवून ठेवतात. हे काम किती चिकाटीचे आहे ते सांगावयास नको. दुसरी जागा म्हणजे पेशीतील जनुके.

जनुकांची मोठी तुलना अमेरिकेचे गॅव्हिन स्व्हेन्सन व मायकेल व्हायटिंग यांनी केली. २००४ आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांनी जुन्या कुलांची बरीच पडझड केली. दिसण्यावरून जोडलेली नाती तुटली. उलट एकाच भूभागात राहणारे, पण दिसावयास परस्परांहून अगदी भिन्न असे कीटक नातलग ठरले. गोंडवनभूमी दुभंगल्याचा परिणाम त्यांतही दिसला. मात्र तो सालीवरच्या एका घराण्याची पांगापांग म्हणून नव्हे. प्रत्येक भूभागावर वेगळी घराणी वाढली, आणि त्यांतील कोणी ना कोणी स्वतंत्रपणे सालीवर जाऊन राहिले, असे ते चित्र होते.

२०१९ साली जर्मनीचे क्रिस्टिआन श्वार्त्स आणि पॅरिसचे रॉजे रॉय यांनी जनुके व प्रजननांगे या दोहोंचा मेळ घालून साऱ्या गणाची फेरमांडणी केली. कुलांची संख्या तीसच्या घरात गेली. लितुर्गुसा-कुलात केवळ अमेरिकेची मंडळी राहिली, आणि त्यांचे शेजारी-सोयरे म्हणून त्याच खंडातील, सुकलेल्या पानाचे सोंग घेणारे प्रार्थना-कीटक पुढे आले. ऑस्ट्रेलियातील सिउल्फिना ही खोडावर धावणारी प्रजाती दुसऱ्या कुलात गेली. आफ्रिकेच्या डॅक्टिलॉप्टेरिक्ससाठी वेगळे कुल झाले. आणि आपला हंबर्टिएला गोनिपेटा नावाच्या कुलात दाखल झाला, जेथे जमिनीवर धावणारे लहान लहान प्रार्थना-कीटक त्याचे भाऊबंद आहेत. दीडशे वर्षांची लितुर्गुसाशी असलेली सोयरीक अशी मोडली.

आता कोणी म्हणेल, की पंडितांनी एका कपाटातील किडे दुसऱ्या कपाटात ठेवले, त्यात जगाचे काय गेले? या प्रश्नाचे उत्तर खुद्द लितुर्गुसा प्रजातीच्या फेरतपासणीत आहे.

कुलाचा प्रश्न सोडवीत असतानाच स्व्हेन्सन यांनी या एका प्रजातीचे काम हाती घेतले. ते तेव्हा क्लीव्हलंडच्या निसर्गेतिहास-संग्रहालयात होते. मध्य व दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत त्यांनी स्वतः कीटक पकडले, आणि अनेक देशांच्या संग्रहालयांतील जुने नमुने मागवून तपासले. त्यांतले कित्येक नमुने अनेक दशकांपूर्वी पकडलेले; चुकीच्या नावाची चिठ्ठी लावून किंवा नावाशिवायच खणात पडलेले. २०१४ च्या मार्च महिन्यात हा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात १९ जाती शास्त्राला सर्वस्वी नव्या होत्या. या समूहातील ज्ञात जातींची संख्या एकदम तिपटीच्या जवळ गेली.

त्याच निबंधात मूळ लितुर्गुसा प्रजातीचेही विभाजन झाले, आणि तीन नव्या प्रजाती निघाल्या. त्यांची नावे मोठी मार्मिक आहेत: ‘फुगा’ म्हणजे लॅटिनमध्ये पलायन, ‘व्हेलॉक्स’ म्हणजे चपळ, आणि ‘कॉर्टिकोमँटिस’ म्हणजे सालीवरचा मांतिस. बायर यांनी १९३१ साली ‘लितुर्गुसा’ म्हणून वर्णिलेली एक जात आता ‘कॉर्टिकोमँटिस अॅट्रिकॉक्सॅटा’ झाली, आणि नियमाप्रमाणे बायर यांचे नाव कंसात गेले. फ्रान्सच्या ओदिने-सर्व्हिल यांनी सोसूरच्याही पूर्वी वर्णिलेली एक जुनी जात ‘फुगा’मध्ये जाऊन बसली. नव्या जातींपैकी दोन स्व्हेन्सन यांनी आपल्या दोन मुलींच्या नावे केल्या, आणि एक अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष व हवामानबदलाच्या प्रश्नावरील कार्याबद्दल २००७ च्या नोबेल शांतता पारितोषिकाचे मानकरी अॅल गोर यांच्या नावे केली. राजकारणी पुरुषाचे नाव किड्याला दिले म्हणून वर्तमानपत्रांतून थोडी थट्टा झाली. पण शास्त्रज्ञांच्या दृष्टीने यापरता मान नाही. पुतळे हलतात, रस्त्यांची नावे बदलतात, जातीचे नाव सहसा बदलत नाही.

मुख्य मुद्दा संख्येचा आहे. अर्ध्या खंडावर पसरलेली एकच जात आहे असे जोवर मानले जाते, तोवर एखाद्या खोऱ्यातील जंगल तोडले तर त्या जातीचे फारसे बिघडत नाही. ती इतरत्र आहेच. पण जी एक समजली, ती प्रत्यक्षात चार निराळ्या जाती असतील आणि त्यांतील एक केवळ त्याच खोऱ्यात राहत असेल, तर तेवढ्या तोडीने तिचा निर्वंश होतो. आणि तिला नावच नसेल, तर गेली याची नोंद तरी कोणी कशी करावी? जुन्या नमुन्यांच्या टाचणीवरील चिठ्ठीत जी गावे व नद्या लिहिलेल्या असतात, त्यांतील कित्येक ठिकाणी आज अरण्याऐवजी शेते आणि वस्त्या आहेत. म्हणून कपाटातील किडा कोणत्या खणात ठेवावयाचा, हा पंडितांचा खासगी खेळ राहत नाही. कोणते रान राखावयाचे याचा हिशेब त्या खणापासून सुरू होतो.

स्व्हेन्सन यांचे अनुमान असे होते, की आफ्रिका, आशिया व ऑस्ट्रेलिया येथील सालीवरच्या प्रार्थना-कीटकांची अशीच बारकाईने पाहणी झाली, तर तेथेही ज्ञात संख्येहून पुष्कळ अधिक जाती निघतील. जगात प्रार्थना-कीटकांच्या २,४०० हून अधिक जाती आज नोंदलेल्या आहेत. पण कित्येक प्रजातींना पहिल्या वर्णनानंतर शंभर वर्षांत कोणी पुन्हा हात लावलेला नाही.

हंबर्टिएलाला शोधावयाचे तर जंगलात खोल शिरण्याचीही गरज नाही. खरबरीत सालीच्या जुन्या झाडाचे खोड उन्हे तिरपी असताना न हलता काही वेळ न्याहाळत राहावे. सालीचाच एक तुकडा वाटणारी वस्तू एकाएकी सरकली आणि खोडामागे नाहीशी झाली, तर तो हा असण्याचा संभव आहे. पलीकडच्या बाजूला एका माणसाने उभे राहणे सोयीचे.

त्याच्या नावाची एक गंमत मात्र सांगितली पाहिजे. सोसूर यांनी १८६९ मध्ये सिलोनच्या नमुन्यावरून ‘हंबर्टिएला सिलोनिका’ हे नाव दिले. त्यानंतर त्या प्रजातीचा समूह बदलला, कुल बदलले, सोयरे बदलले. प्रजाती तेवढी तीच राहिली, आणि कुलांच्या उलथापालथीचा जातीच्या नावावर परिणाम होत नाही असा नियम आहे. त्यामुळे सोसूर यांचे नाव आजही त्या कीटकापुढे कंसावाचून लिहिले जाते.